आधी शेजार, मग घर

परवा इफ्तारला माझी बहीण आणि दुल्हेभाई मुलांसह आमच्या घरी होते. खजूर, कांदाभजी, कलिंगडाच्या फोडी, रूहअफजाचे ग्लास, सगळं नेहमीसारखं. मगरीबची नमाज झाली, चहा आला, आणि भाचीने हळूच विषय काढला. ती इथे बीडमध्ये बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एम.एस्सी. करायचं तर छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, हे तिचं ठरलेलं. प्रवेश मिळेल अशी तिला खात्री आहे. प्रश्न वेगळाच होता. राहायचं कुठे?

दुल्हेभाईंकडे उत्तर तयार होतं. ‘रोशन गेटला माझ्या चुलतभावाचं घर आहे. वरची खोली रिकामी आहे. आपली माणसं, आपली वस्ती. मला रात्री झोप लागेल.’ भाचा म्हणाला, ‘टीव्ही सेंटर, हडकोकडे बघा. तिकडे मेस आहेत, अभ्यासिका आहेत, रस्ते रुंद आहेत.’ भाची म्हणाली, ‘मला विद्यापीठाजवळ राहायचंय. चालत जाता येईल अशा ठिकाणी. प्रयोगशाळेतून सुटायला संध्याकाळ होईल. मी रोज दोन रिक्षा बदलत बसू का?’

आवाज थोडे चढले. शेवटी ती माझ्याकडे वळली. ‘खाला, तुम्ही राहिला होतात ना तिथे. तुम्हीच सांगा.’

तेवढ्यात इशाची अजान झाली आणि मी सुटले. पण उत्तर देणं भाग आहे, आणि ते एकट्या भाचीपुरतं नाही. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली पिशव्या आणि गादीची वळकटी घेऊन त्या शहरात उतरतात. त्यांच्या घरी हाच वाद होत असणार. म्हणून इथेच लिहिते.

पुऱ्यांचं शहर

हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. शहराच्या वायव्येला, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या डोंगरात औरंगाबाद लेण्या, आवाराला लागून सोनेरी महाल, आणि पुढे उतरून आलं की बीबी का मकबरा. विद्यापीठाकडे येणाऱ्या वाटेवर नागसेनवन लागतं. बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिलं. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा, भिक्खू नागसेन उत्तर देणारा. शिक्षणसंस्थेला याहून चांगली नावं मला सुचत नाहीत. खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात होतं अशी मुलं तेव्हापासून या परिसरात राहायला येत आहेत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोठा लढा झाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आजही त्या दिवशी हजारो माणसं गावागावांतून येतात आणि विद्यापीठाच्या कमानीला वंदन करून जातात.

या शहरात ‘पुरा’ फार. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा. यातली बरीच नावं मोगल काळातल्या राजपूत सरदारांची. ज्याची छावणी जिथे पडली तिथे त्याच्या नावाचा पुरा वसला. म्हणजे बाहेरून येऊन इथे जागा शोधणं ही या शहराची साडेतीनशे वर्षांची सवय आहे. सरदार गेले, छावण्या उठल्या, नावं राहिली. आता त्याच पुऱ्यांत विद्यार्थी खोल्या शोधत फिरतात.

विद्यापीठाला सगळ्यात जवळची जुनी वस्ती म्हणजे बेगमपुरा आणि पहाडसिंगपुरा. शहरातून इकडे यायचं तर मक्केवरून नाव पडलेल्या मकाई दरवाज्याच्या कमानीतून यावं लागायचं, किंवा पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाज्यातून. बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्या हौदात यायचं. मलिक अंबरने या शहराला नहरींची जी वाट दाखवली, तिचाच हा पुढचा वारसा. संत रविदासांनी ज्या दुःख नसलेल्या नगरीचं स्वप्न पाहिलं तिचंही नाव बेगमपुरा. तिथला शब्द बे-गम, म्हणजे गम नसलेला, इथला बेगमचा. उर्दूच्या वर्गात मी हा फरक सांगते तेव्हा मुलं हसतात. मला मात्र दोन्ही अर्थ एकाच गल्लीत भेटले होते.

रोजातली शोधाशोध

२००२ साली दिवाळी आणि रमजान एकाच आठवड्यात आले. मी एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला होते. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी मराठीत एम.ए. करते याचं विभागात थोडं कौतुक आणि थोडं आश्चर्य होतं. जूनपासून मी रोशन गेटला मामूंच्या घरी राहत होते. मामू-मुमानींनी कशाचीच उणीव ठेवली नाही. पण तिथून विद्यापीठ पाच-सहा किलोमीटर. रोशन गेटहून एक रिक्षा, मध्ये उतरून दुसरी, ती भरेपर्यंत थांबायचं. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. ग्रंथालयात दिवे लागायच्या वेळी खरा अभ्यास सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच मी घड्याळ बघत पिशवी आवरायची. घरी पोचेपर्यंत मुमानी दारात उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मला पुस्तक उघडायची लाज वाटायची.

माझी एक मैत्रीण होती, गेवराई तालुक्यातली. बौद्ध कुटुंबातली, वडील शेतमजूर. तिला वसतिगृह मिळालं नव्हतं आणि ती एका नातलगाच्या दोन खोल्यांत सातवी माणूस म्हणून राहत होती. आम्ही दोघींनी ठरवलं, एकत्र खोली घ्यायची. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत शोधायची. अब्बा बीडहून पहाटेच्या एस.टी.ने आले, रोजा धरून. ते जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गणित शिकवायचे. मैत्रीण तिच्या गावाहून आली. मध्यवर्ती बसस्थानकावर भेटून आम्ही तिघं निघालो.

पहिलं घर विद्यापीठाच्या वाटेवरच्या एका वसाहतीत. खोली छान होती. खिडकीला जाळी, स्वतंत्र न्हाणीघर, ओट्याला फरशी. भाडं महिना सहाशे. अब्बांनी पन्नास कमी करायला सांगितले, घरमालकांनी तीस केले. सगळे हसले. मग त्यांनी वही काढली आणि नावं विचारली. मैत्रिणीचं नाव लिहिलं. माझं नाव ऐकलं आणि पेनाला टोपण लागलं.

‘काय आहे, आमच्या आईला चालणार नाही हो. बाकी आमचं काही नाही.’

अब्बा म्हणाले, ‘आईला सलाम सांगा.’ आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर मैत्रीण माझ्याकडे बघेना. जणू तिनेच काही केलं होतं.

दुसरं घर आमच्याच माणसांचं. घरमालक चाचांनी अब्बांना खुर्ची दिली, पंखा लावला. ‘रोजा है, बैठो मास्टरसाब.’ भाडं पहिल्या घरापेक्षा कमी. पैसे नंतर दिले तरी चालतील म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग फाटकाजवळ उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. ‘वो बच्ची किसकी?’

अब्बांनी सांगितलं.

‘तुमची मुलगी राहू द्या. माझ्या मुलीसारखी ठेवतो. जोडीदारीण मात्र आपल्यातली बघा.’

आवाज खाली आणला होता, पण फाटक काही फार लांब नव्हतं. तिने ऐकलं. पहिल्या घरातून निघताना ती माझ्याकडे बघत नव्हती. या घरातून निघताना मी तिच्याकडे बघू शकले नाही. पहिल्या वेळी मला राग आला होता. दुसऱ्या वेळी लाज वाटली. आजही विचाराल तर दुसरं जास्त जड होतं. तिथे नकार देणारा माणूस माझ्याशी इतका प्रेमाने बोलत होता.

तोवर दुपार कलली होती. अब्बा जवळच्या मशिदीत असरची नमाज पढायला गेले. आम्ही दोघी थत्ते हौदाजवळ बसून राहिलो. मैत्रीण म्हणाली, ‘तू राहा तिथे. मी बघते माझं.’ मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर एक क्षण माझ्या मनात आलं होतं, की राहावं. खोली मिळत होती, भाडं कमी होतं, अब्बा थकले होते. हे मी तिला नंतर कधीही सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे.

अब्बा आले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं. ते म्हणाले, ‘आपण सकाळपासून उलटं करतोय. घरं बघतोय. अरबीत एक जुनी म्हण आहे, अल-जार कब्ल अद-दार. घराच्या आधी शेजार. चला, आता घर विचारायचं नाही.’

किराणा दुकानातली परीक्षा

ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानावर गेले. दुकानदार गंध लावलेले, पन्नाशीचे. अब्बांनी काडेपेटी घेतली आणि विचारलं, ‘विद्यार्थ्यांना उधारी देता का?’

‘देतो. घरून पैसे आले की आणून देतात.’

‘बुडवत नाहीत?’

‘दोघा-तिघांनी बुडवली.’

‘मग त्यांचं काय केलं?’

दुकानदार तराजू पुसत म्हणाले, ‘काय करणार? पोरं आहेत. एकाने तर नोकरी लागल्यावर चार वर्षांनी आणून दिली.’

अब्बा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ये गली चलेगी.’

त्याच दुकानदारांनी घर दाखवलं. तीन दारं सोडून एका काकूंचं. काकू एकट्या, मुलगा ट्रकवर असायचा. अंगणात तुळस, शेजारच्या भिंतीपलीकडे एका रिक्षावाल्या चाचांचं घर. खोली साधी, पत्र्याची, न्हाणीघर सामाईक. अब्बांनी स्वतःहून आधीच नावं सांगायला सुरुवात केली. दिवसभरात ते तेवढं शिकले होते. काकूंनी त्यांना थांबवलं.

‘नावं सांगा सावकाश. आधी पाण्याचं सांगा. नळ येतो पहाटे. माझे गुडघे धरलेत. पाणी भरायला कोण उठणार?’

अब्बा म्हणाले, ‘रमजान आहे. माझी मुलगी तशीही चारला उठते.’

‘मग हीच पाहिजे मला,’ काकू म्हणाल्या. ‘आणि महिना संपल्यावर?’

‘महिना संपल्यावर मी उठेन,’ मैत्रीण म्हणाली.

भाडं ठरलं साडेचारशे. अब्बांनी लगेच हो म्हटलं नाही. ‘मगरीबनंतर परत येतो,’ म्हणाले. एक खजूर आणि हौदाजवळच्या हॉटेलातलं पाणी यावर रोजा सोडला, आणि अंधार पडल्यावर आम्हाला घेऊन ते त्याच गल्लीत परत आले. नुसते उभे राहिले. दिवे किती आहेत, बायका-मुली बाहेर आहेत का, टवाळ पोरांचा घोळका कुठे बसतो आणि कुणी म्हातारं माणूस त्यांना हटकतं का, हे बघत. मग घड्याळ लावून विद्यापीठाच्या कमानीपासून खोलीपर्यंत चालले. सतरा मिनिटं. ‘तुम्ही झपझप चालाल तर चौदा,’ म्हणाले. तेव्हा कुठे काकूंच्या हातावर पैसे ठेवले.

जवळचं दार

त्या रमजानमध्ये मी पहाटे चारला उठायचे, हंडे भरायचे, मग सहेरी. मैत्रीण आधी कुरकुरायची, मग स्वतःच उठून स्टोव्ह पेटवायला लागली. इफ्तारला काकू दिवाळीतला उरलेला चिवडा वाटीत घालून द्यायच्या. चाचांच्या घरून भज्यांची ताटली यायची, ती आधी काकूंकडे जायची आणि मग आमच्याकडे. ग्रंथालय बंद होईपर्यंत बसता यायचं. सतरा मिनिटांचा रस्ता आम्ही गप्पा मारत बाविसात संपवायचो.

पंचविसाव्या रोजाच्या रात्री, दोनच्या सुमाराला, मैत्रिणीच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं अपचन. मग ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर लोळायला लागली. मी काकूंना उठवलं. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काठी न घेता तशाच भिंतीपलीकडे गेल्या, दार वाजवलं. ‘अहो भाईजान, उठा. पोरगी जाते.’ चाचा बनियनवर बाहेर आले. दहा मिनिटांत आम्ही घाटी रुग्णालयात होतो. अपेंडिक्स होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

तिचे आई-वडील पहिल्या एस.टी.ने आले. दिवसभर मी तिथेच होते. संध्याकाळी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसले असताना अजान ऐकू आली. तिच्या आईने पदराखालून दोन केळी काढली. ‘सोड तुझा रोजा, बाय. सकाळपासून बघतेय, पाण्याचा थेंब नाही तोंडात.’ पदरात ती केळी त्यांनी कधीपासून धरली होती कोण जाणे. कोमट झाली होती.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारलं, की मला दोन शेजारी आहेत, भेट कुणाकडे पाठवू? उत्तर मिळालं, ज्याचं दार तुझ्या दाराला जास्त जवळ आहे त्याच्याकडे. मी हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रात्री तो मला उलट्या बाजूने कळला. आपण ज्याला देतो त्याचं दार जवळचं असावं हे खरं, पण आपल्याला जेव्हा लागतं तेव्हाही जवळचंच दार उघडतं. मामूंचं घर प्रेमाचं होतं. त्या रात्री ते सहा किलोमीटरवर होतं.

जानेवारीत, १४ तारखेला, मैत्रिणीचे आई-वडील विद्यापीठाच्या कमानीला वंदन करायला आले आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. त्या रात्री गल्लीत गावाकडून आलेली कितीतरी माणसं होती. काकूंनी अंगणातलं पाण्याचं पिंप बाहेर काढून ठेवलं होतं. ते भरलं होतं आम्ही दोघींनी.

आज जायचं तर

हे सगळं जुनं झालं. गेल्या डिसेंबरात एका चर्चासत्रासाठी विद्यापीठात गेले तेव्हा मुद्दाम पायी फिरले. पत्र्याच्या खोल्यांच्या जागी तीन-तीन मजले चढलेत. ‘मुलींसाठी रूम’ आणि ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशा पाट्या शेजारी-शेजारी दिसतात. काकू नाहीत, किराणा दुकान मोबाइलचं झालंय. तेव्हा मी भाचीला ‘बेगमपुऱ्यातच जा’ असं सांगणार नाही. गल्ली तीच राहते, पण माणसं बदलतात. कसं शोधायचं तेवढं सांगेन.

पहिली गोष्ट, विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच भरायचा. मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. गरज असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशीही त्याच फेरीत करायची.

वसतिगृह नाही मिळालं तर तिन्ही पर्याय खरेच विचारात घ्यायचे. रोशन गेट, किराडपुरा या बाजूला नातलग आहेत, आजारपणात घरचं जेवण आहे. पण रोजचे दोन तास रस्त्यावर जातात, आणि दोन वर्षांच्या अभ्यासातून ते कापले जातात. टीव्ही सेंटर, हडकोकडे मेस आणि अभ्यासिका भरपूर, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ते सोयीचं. पण तिथूनही विद्यापीठ चालत जाण्याइतकं जवळ नाही. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा इथून चालत जाता येतं, घाटी रुग्णालय जवळ आहे. पण गल्ल्या अरुंद, घरं दाटीची, आणि गल्लीगल्लीत फरक आहे. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबावं लागणाऱ्या मुलीने जवळ राहावं, असं माझं मत आहे. फक्त लेक्चरला जायचं असेल तर लांबूनही जमतं.

मग पाणी. त्या शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं आणि नळ रोज येत नाही. खोली बघताना नळ किती दिवसांनी येतो, बोअर आहे का, टाकी किती मोठी आणि तिच्यावर माणसं किती, हे विचारायचं. फरशीचा रंग नंतर बघितला तरी चालतो. घरमालक पाण्याबद्दल सरळ बोलत असेल तर बाकीचंही सरळ बोलेल.

करार लेखी घ्यायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत किती, ती कधी परत मिळणार, वीजबिल कोण भरणार, हे कागदावर असू द्यावं. आम्ही विश्वासावर राहिलो आणि निभावलं. पण सगळ्यांना आमच्या काकू भेटत नाहीत.

आणि एक खोली दोनदा बघायची. एकदा उजेडात, एकदा अंधार पडल्यावर. दुसऱ्या वेळी घरात जायचंच नाही, गल्लीत उभं राहायचं.

दुल्हेभाईंची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्या शहराने दंगली पाहिल्या आहेत. प्रत्येक दंगलीनंतर माणसं आपापल्या लोकांकडे थोडी-थोडी सरकली, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या गल्ल्या कमी झाल्या. बाप म्हणून ‘आपली वस्ती’ त्यांना सुरक्षित वाटते, तसंच दुसऱ्या बाजूच्या बापालाही वाटत असणार. पण अब्बाही बापच होते. त्यांनी मला ‘आपल्या’ घरात ठेवलं असतं तर माझी मैत्रीण सातवी माणूस म्हणून त्या दोन खोल्यांतच राहिली असती, आणि त्या रात्री पोटदुखीने लोळताना तिच्याजवळ कोण असतं, मला माहीत नाही. सुरक्षितता म्हणजे काय, हे अब्बांनी वस्तीच्या नावावरून ठरवलं नाही. उधारी बुडवणाऱ्या पोरांबद्दल दुकानदार काय बोलतो, यावरून ठरवलं.

ती मैत्रीण आज एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दर रमजानला तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न एकच असतो, ‘पाणी भरलं का?’

काल सहेरीनंतर मी हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तिच्या वर्गातली एक मैत्रीणही जाणार आहे, दोघी मिळून खोली घेऊ म्हणतात. मैत्रीण कोण, कुठली, हे मी विचारलं नाही. दुल्हेभाईंना फोन लावला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘ईद होऊ द्या. मी येतो तिच्यासोबत. संध्याकाळी उभा राहून बघतो.’ मी म्हटलं, ‘घड्याळ घेऊन जा.’

शेवटी एक विनंती, आणि ती दूरच्या शहरातल्या घरमालकांना नाही. आपल्या बीडमध्येही कॉलेजं आहेत, तालुक्यांतून येणारी मुलं आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरावर मागची किंवा वरची एक खोली भाड्याने दिलेली असते. जूनमध्ये कुणीतरी बाप मुलीला घेऊन तुमच्या दारात उभा राहील. कदाचित तो दिवसभर फिरून दमलेला असेल. त्याला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या. वही उघडून नाव लिहायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की पोरगी पाणी भरायला उठेल का.